साडेतीन बाय चार पॉइंट आठ

आम्हा नेवरेकरांचा एक कुलवृत्तांत आहे. उशाला घेता येईल इतका जाड आहे आणि आमच्यातले बरेच जण त्याचा तोच उपयोग करतात. त्यात प्रत्येक नेवरेकराच्या नावापुढे जन्म, शिक्षण, व्यवसाय, पत्नी, अपत्ये अशी माहिती असते आणि सगळ्यात शेवटी एक रकाना असतो, ‘विशेष’. खरी मेख त्या रकान्यात आहे. आमच्या एका खापरपणजोबांच्या विशेषात ‘गावी तळे खोदले’ असं आहे. दुसऱ्या एका पूर्वजाच्या विशेषात ‘वाघ समोर आला असता स्थिर उभे राहिले’ असं आहे. वाघाने पुढे काय केलं ते दिलेलं नाही. एका लांबच्या काकांनी एका बैठकीत तेवीस पुरणपोळ्या खाल्ल्या, तेही छापून आलंय. माझा चुलतभाऊ कमलेश माजिवड्याला राहतो, त्याच्या विशेषात साडेपाच ओळी आहेत. त्यातली एक तो युरोपला गेला याबद्दल आणि दुसरी तो परत आला याबद्दल आहे.

माझ्या विशेषात एक आडवी रेघ आहे.

नुसती रिकामी जागा असती तर लोकांना वाटलं असतं, माहिती पाठवायची राहिली असेल. रेघेचा अर्थ वेगळा. माहिती मागवली, ती आली, संपादक मंडळाने ती बारकाईने तपासली आणि तिच्यात विशेष काही आढळलं नाही, असा रेघेचा अर्थ होतो. वागळे इस्टेटमधल्या कंपनीच्या खरेदी विभागात मी उभी हयात घालवली, डोंबिवलीजवळ कोपरला स्वतःचं घर घेतलं, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. या सगळ्याची बेरीज एक आडवी रेघ व्हावी याचं मला वाईट वाटतं. चारचौघांत मी हसून सोडून देतो, पण मनापासून वाईट वाटतं.

त्यामुळे गेल्या कुलसभेत भाऊकाका जेव्हा म्हणाले की, आपला कुलवृत्तांत आता संगणकावर यायला हवा, तेव्हा मी सावध होऊन बसलो. भाऊकाका आमच्या कुळातले सर्वांत ज्येष्ठ. त्यांचं म्हणणं असं की, आपल्यातल्याच एका हुशार मुलाने फार वर्षांपूर्वी ‘वंशवेल’ नावाचा एक प्रोग्राम करून सगळी माहिती त्यात भरून ठेवली होती. पुढे तो मुलगा ऑस्ट्रेलियात गेला, तिकडे म्हातारा झाला आणि वंशवेल इकडे पडून राहिली. ती कुणी चालू करून पुढच्या संमेलनात पडद्यावर दाखवली, तर त्याच्या विशेषात ‘कुलवृत्तांताचे संगणकीकरण केले’ असं सन्मानाने लिहिलं जाईल.

कमलेश उठायला लागला होता. पण तो जाड आहे आणि त्याला उठायला वेळ लागतो. तेवढ्यात मी उभा राहून बोलून मोकळा झालो. कमलेशने अर्ध्यावरून खाली बसत विचारलं, “विन्या, तुझ्याकडे विंडोज कुठली?” मी म्हटलं, टेन. तो भर सभेत मान हलवत म्हणाला, “माझी इलेव्हन आहे.” लोकांनी त्याच्याकडे आदराने पाहिलं. मग भाऊकाकांनी निकाल दिला की, विनीतला करू दे, नाही जमलं तर कमलेश आहेच. हे ‘आहेच’ घेऊन मी घरी आलो.

भाऊकाकांनी दिलेल्या पेन ड्राइव्हमधून वंशवेल संगणकावर उतरवली आणि तिच्यावर दोनदा टिचकी मारली. पडद्यावर एक खिडकी उघडली. डॉट नेट फ्रेमवर्क साडेतीन नावाची काहीतरी वस्तू माझ्याकडे नाही आणि तिच्याशिवाय वंशवेल चालणार नाही, एवढं मी पहिल्या ओळीत वाचलं. नकार वाचायला मला पहिली ओळ पुरते. मी खिडकी बंद केली आणि आमच्या कंपनीतले कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या मितेशला फोन लावला.

इथे दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक म्हणजे आमच्या घरात मोबाइलला रेंज फक्त गॅलरीत येते, आणि आमच्या गॅलरीत बोललेलं अख्ख्या इमारतीला ऐकू जातं. दुसरी गोष्ट डासांची. आमच्या इमारतीच्या मागे खाडीपर्यंत मोकळी जागा आहे आणि तिथले डास दिवेलागणीला आमच्याकडे हक्काने येतात. माझी बायको योगिनी कितीतरी वर्षं माझ्यामागे लागली होती की, खिडक्यांना ती अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेममधली नेट बसवून घ्या. माझा जाळ्यांना तात्त्विक विरोध होता. जाळीने वारा अडतो. त्यापेक्षा पाच वाजता खिडक्या बंद केल्या की प्रश्न मिटतो. यावर योगिनी विचारायची की, बंद खिडकीतून वारा कसा येतो तेवढं एकदा समजावून सांगा. या प्रश्नाला मी नेहमी पेपर उभा धरून उत्तर देत आलोय.

तर मितेश. तो कायम घाईत असतो आणि त्याला सगळं सिंपल वाटतं. “सर, सिंपल आहे. नेट फ्रेमवर्क नाहीये ना, तो बसवून टाका. साडेतीन पण टाका आणि फोर पॉइंट एट पण टाका. दोन्ही साइड बाय साइड राहतात, टेन्शन नाय.”

मी गॅलरीच्या कठड्यावर मूठ आपटून म्हणालो, “म्हणजे नेट फ्रेमवर्क बसवल्याशिवाय काही चालणार नाही म्हणतोस? ठीक आहे. आता टाळाटाळ नको. या आठवड्यातच बसवून टाकतो.”

स्वयंपाकघरात योगिनी कोथिंबीर निवडत होती. तिला ‘नेट’ ऐकू आलं, ‘फ्रेम’ ऐकू आलं आणि ‘टाळाटाळ नको’ हे तर तिने आमच्या लग्नानंतर माझ्या तोंडून प्रथमच ऐकलं. तिने कोथिंबीर तशीच टाकली आणि शेजारच्या मेघनाला ही बातमी द्यायला गेली. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसलं की, त्या रात्री जेवायला केशर घातलेला शिरा होता. मी म्हटलं, बायकोलाही कुळाचा अभिमान आहे.

जेवताना मी सहज बोललो की, आधी साडेतीन बसवावं लागेल, मग चार पॉइंट आठ. ती माझ्या पानात तूप वाढत म्हणाली की, मापाचं तुम्ही डोक्यात घेऊ नका, मेघनाच्या ओळखीचा माणूस आहे, तो येऊन बघेल. मी विचारलं, माणूस जाणकार आहे ना? ती म्हणाली की, अख्ख्या डोंबिवली वेस्टला त्यानेच बसवून दिल्यात. आपलं गाव संगणकक्षेत्रात इतकं पुढे गेल्याचं मला माहीत नव्हतं. मला डोंबिवलीचा अभिमान वाटला आणि मी शिरा पुन्हा घेतला.

तो माणूस, त्याचं नाव दौलत, दुसऱ्या दिवशी आला तेव्हा योगिनी भाजीला गेली होती. तो दारातच उभा राहिला. खाली रिक्षात कुणाच्या तरी बाथरूमची काच ठेवून आलो आहे आणि रिक्षावाला हॉर्न मारतोय, त्यामुळे आत यायला वेळ नाही असं त्याने आधीच सांगून टाकलं. कानावर पेन्सिल, एका हातात फोन. इतका धावपळीचा माणूस म्हणजे नक्की हुशार असणार, असं मी मनात धरलं.

“नेट फ्रेमवालं काम इथंच ना?” त्याने विचारलं. “विंडो किती?”

मी म्हटलं, “टेन.”

त्याने माझ्या खांद्यावरून आमच्या दोन खोल्यांकडे पाहिलं. “टेन?”

मला कमलेशची आठवण झाली आणि राग आला. मी म्हटलं, “मध्ये इलेव्हन करायला गेलेलो. पण बसली नाही. जुनं आहे ना सगळं. टेनला काही प्रॉब्लेम आहे का?”

“मला काय प्रॉब्लेम असणार, साहेब? दहा तर दहा.” त्याने भिंतीला कागद लावला आणि पेन्सिल काढली. “माप?”

खरं तर ‘माप’ हा शब्द मला खटकायला हवा होता. पण प्रत्येक धंद्याची आपली भाषा असते, आणि खरेदी विभागात इतकी वर्षं काढल्यामुळे समोरच्याच्या भाषेत बोलायची मला सवय आहे. मी ऐटीत म्हणालो, “साडेतीन आणि चार पॉइंट आठ. दोन्ही लागणार.”

“साडेतीन बाय चार पॉइंट आठ,” दौलतने लिहून घेतलं. “शनिवारी येतो. मशीन लावायला पॉइंट आहे ना?”

मी त्याला संगणकाच्या टेबलाखालचा पॉइंट लांबूनच दाखवला. मशीन तिथेच लावलेलं आहे असंही सांगितलं. मॅडमशी बाकीचं बोलून घेतो म्हणून तो जिना उतरून गेला. संगणकाला हातही न लावता त्याने सगळं ओळखलं, हे मला फार आवडलं. आमचा मितेश असता तर आधी चहा मागितला असता.

शनिवारपर्यंत स्वस्थ बसणं माझ्या स्वभावात नाही. संमेलन रविवारी होतं. मी रोज ऑफिसातून आलो की वंशवेलवर टिचकी मारायचो, रोज तीच खिडकी उघडायची आणि मी रोज ती बंद करायचो. मग मी आपला आपण फ्रेमवर्क शोधायला इंटरनेटवर गेलो. तिथे फ्रेमवर्क म्हणून जे उतरवून घेतलं, ते दर तासाला मला माझं राशिभविष्य सांगू लागलं. मितेशने ते काढायला लावलं आणि आधी अख्खं मशीन अपडेट करा, जुनं व्हर्जन आहे, असं सांगितलं. अपडेट करायला घेतलं तर पडद्यावर ठिपक्यांचं एक वर्तुळ फिरायला लागलं आणि खाली ओळ आली की, थोडा वेळ लागेल, संगणक बंद करू नका.

थोडा वेळ म्हणजे किती याबद्दल आमच्या इमारतीत मतभेद होते. मेघनाच्या मते रात्रभर. खालच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांचं म्हणणं पडलं की, त्यांच्या साडूचा संगणक असाच फिरत बसला होता, शेवटी त्यांनी तो विकला, तेव्हाही फिरत होता. वर्तुळाकडे बघत बसू नका, ते लाजतं, असाही सल्ला मला मिळाला. मी मात्र कडक बंदोबस्त केला. फ्यूज उडू नये म्हणून मिक्सर बंद, इस्त्री बंद, गीझर बंद. दोन दिवस मी ऑफिसला चुरगळलेला शर्ट घालून गेलो आणि योगिनीने चटणी पाट्यावर वाटली. एरवी तिने मला सरळ केलं असतं, पण ती गुणगुणत वाटत होती. शनिवार येऊ दे, म्हणत होती. बायको इतकी समजूतदार झाली की पुरुषाने सावध व्हावं, पण मी झालो नाही.

शुक्रवारी रघुशेठ आले. रघु म्हात्रे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. इमारत ज्या जमिनीवर उभी आहे ती त्यांची, आणि इमारत बांधली त्यांच्या वडिलांनी. त्यामुळे इमारतीला खिळा ठोकला तरी तो आपल्याच अंगात गेला असं त्यांना वाटतं. दौलतने कागदाचा मजकूर बहुधा चहाच्या टपरीवर वाचून दाखवला असावा.

“विनीतशेट,” ते सोफ्यावर बसत म्हणाले, “तुमचेकरं विंडो दहा हान म्हनं?”

“हो, टेन,” मी म्हणालो.

“कवापासून?”

“घेतलं तेव्हापासून टेनच आहे.”

रघुशेठनी एकवार घरभर नजर फिरवली. “बिल्डिंग आमचे बापाशीन बांधली,” ते हळू आवाजात म्हणाले, “आन मना ठावा नाय.”

त्यांचा चेहरा पाहून मला वाईट वाटलं. संगणकाबद्दल सगळ्यांनाच सगळं माहीत नसतं, असं मी त्यांना धीराने सांगितलं. ते काही त्यांच्या डोक्यात शिरलं नाही. फ्रेमवर्क बाहेरून दिसेल का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं की, बाहेर काही दिसणार नाही, सगळं आतल्या आत चालतं, आपल्याला कळतसुद्धा नाही. तोडफोड? मी म्हटलं, अजिबात नाही. मग त्यांनी अर्ज मागितला. संगणकात काही बसवायला सोसायटीची परवानगी कशाला, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता, पण आमच्याकडे दाराची पाटी बदलायलाही अर्ज लागतो. मी अर्ज लिहिला. ‘सदर फ्रेमवर्क पूर्णपणे आतल्या बाजूने बसत असून त्यामुळे कोणत्याही सभासदास उपद्रव होणार नाही’ हे वाक्य मला फार साधलं. ‘इमारतीच्या बाह्य स्वरूपास धक्का न लावण्याच्या अटीवर मंजूर’ असं लिहून रघुशेठनी सही केली आणि जाताना एकदा वळून खिडक्या मोजल्या.

शनिवारी सकाळी वर्तुळ थांबलं आणि पडद्यावर टक्के दिसू लागले. मी समोर खुर्ची टाकून बसलो. नव्वदच्या पुढे आकडा सरकला तेव्हा मी मनातल्या मनात ‘कुलवृत्तांताचे संगणकीकरण केले’ हे वाक्य घोळवत होतो. ते एका ओळीत मावेल की दीड ओळ लागेल याचाच विचार चालला होता. तेवढ्यात खाली टेम्पो थांबल्याचा आवाज आला. जिन्यावर बरीच आदळआपट झाली. योगिनीने दार उघडलं. दौलत आत आला, संगणकाच्या टेबलाखाली वाकला, दाखवलेल्या पॉइंटला त्याने ड्रिल मशीन लावलं आणि सुरू केलं. फ्यूज उडाला. पडदा काळा झाला. सत्त्याण्णव टक्के झाले होते.

मी ओरडायला मागे वळलो. आमच्या बैठकीच्या खोलीत, सोफ्यावर, टीव्हीला टेकून, देव्हाऱ्यापुढे, सगळीकडे अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीदार फ्रेमा उभ्या होत्या. त्यांच्यामधून मेघना आणि रघुशेठ मला चौकटी-चौकटींनी दिसत होते. रघुशेठ दहावी खिडकी बघायलाच आले होते.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“नेट फ्रेम, साहेब. दहा नग,” दौलत म्हणाला. “साडेतीन बाय चार पॉइंट आठ.”

“दहा कुणी सांगितल्या?”

“तुम्हीच बोललेले ना. टेन. वर असं पण बोललेले की इलेव्हन करायला गेलेलो, पण बसली नाही.”

मग मला सगळं कळलं. शिरा कळला, पाट्यावरची चटणी कळली, रघुशेठचा पडलेला चेहरा कळला. इतक्या गोष्टी मला एकदम कधीच कळल्या नव्हत्या. मी तोंडावर हात फिरवत खुर्चीत बसलो आणि विंडोज, डॉट नेट, साडेतीन, चार पॉइंट आठ असं जे काय होतं ते तुटक तुटक सांगितलं. मेघनाने तोंडाला पदर लावला. दौलत नुसता डोकं खाजवत उभा राहिला.

योगिनी मात्र हसली नाही. ती एका फ्रेमवर हात ठेवून उभी होती. “म्हणजे तुम्ही जाळ्यांबद्दल बोलतच नव्हता,” ती म्हणाली.

ती रागावली असती तर मी तोंड दिलं असतं, त्याची मला सवय आहे. पण तिचा आवाज अगदी साधा होता. इतकी वर्षं मागितलेली एक गोष्ट नवऱ्याने आपणहून केली, एवढ्यावर बिचारी आठवडाभर गुणगुणत होती.

“दोन्हींबद्दल बोलत होतो,” मी म्हणालो. मी आयुष्यात बऱ्याचदा खोटं बोललो आहे, पण वेळेवर हे एकच. तिला ते खोटं आहे हे ठाऊक होतं आणि तिला ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं. ती म्हणाली, बरं. मग दौलतला म्हणाली, लावून बघा तरी.

आता पुढचा प्रकार दैवी आहे. दौलतने पहिली फ्रेम खिडकीला लावली आणि ती बसली. नुसती बसली नाही, टिचकी मारल्यासारखा आवाज करून बसली. आमच्या खिडक्या साडेतीन बाय चार पॉइंट आठच्याच निघाल्या. मी आयुष्यात कशाचाही अंदाज केला तर तो चुकतो, आणि जिथे मी अंदाजच केला नव्हता तिथे तो तंतोतंत बरोबर आला. रघुशेठ पुढे झाले, त्यांनी जाळीवरून हात फिरवला, शेजारच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून इमारतीच्या बाह्य स्वरूपाची खात्री करून घेतली. मग म्हणाले की, सगल्या बिल्डिंगीच्या खिरक्या आमचे बापाशीन एकाच मापाच्या केल्यान, तवा उरल्या त्या मना द्या. मेघना म्हणाली, दोन माझ्या. जेवायच्या वेळेपर्यंत दहाच्या दहा फ्रेमा मार्गी लागल्या. सोसायटीची परवानगी आधीच घेतलेली होती.

माझं काम मात्र मार्गी लागलं नव्हतं. फ्यूज घातल्यावर संगणकाने केलेले बदल मागे घेतले आणि तो पूर्वीसारखा होऊन बसला. मी वंशवेलवर टिचकी मारली. तीच खिडकी उघडली, मी ती बंद केली. पुन्हा मारली, पुन्हा बंद केली. मितेश गावाला लग्नाला गेला होता आणि त्याच्या गावाला रेंज नव्हती. दिवेलागण झाली तेव्हा मी पलंगावर आडवा होऊन, कमलेश आहेच, कमलेश आहेच, असं छताकडे बघत म्हणत होतो. रेघ ती रेघच राहणार होती.

योगिनी चहा घेऊन आली आणि संगणकापुढे बसली. तिला एक सवय आहे. छापलेलं काहीही दिसलं की ती शेवटपर्यंत वाचते. औषधाबरोबरचा घडीचा कागद, बिस्किटाच्या पुड्याची मागची बाजू, भेळ ज्या कागदात आली तो कागद, सगळं. भेळेच्या कागदावरची एक कथा अर्धी राहिली म्हणून ती पुन्हा त्याच भेळवाल्याकडे गेली होती. तिने टिचकी मारली, खिडकी उघडली, आणि मी सवयीने म्हणालो, “बंद कर ती.”

“तुमचं प्रत्येक गोष्टीला एकच,” ती म्हणाली. “खिडकी बंद करा. वाचलंय का कधी काय लिहिलंय ते? साडेतीन नाही, हे वरच्या ओळीत आहे. खाली निळ्या अक्षरांत लिहिलंय, हवं असेल तर इथे दाबा, आम्ही आणून बसवतो.”

मी उठून बसलो. तिने निळ्या अक्षरांवर दाबलं. आम्ही चहा पिईपर्यंत ते आलं आणि बसलं. फ्यूज उडाला नाही, वर्तुळ अडकलं नाही, राशिभविष्य आलं नाही. वंशवेल उघडली. वर गणपती, खाली मूळ पुरुष, आणि त्यांच्याखाली फांदीफांदीने आम्ही सगळे. मला अवघडल्यासारखं झालं आणि मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. जाळीच्या बाहेर डास घोंगावत होते आणि आत येता येत नाही म्हणून चिडले होते. मागे योगिनी पिढ्यान् पिढ्या वाचत बसली होती. मधूनच टाइप केल्याचाही आवाज येत होता, पण मी लक्ष दिलं नाही.

रविवारी मी संगणकाचा डबा सोलापुरी चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन रिक्षाने कोपरहून माजिवड्याच्या हॉलवर गेलो. पेन ड्राइव्हवर वंशवेल नेता आली असती, पण कमलेशच्या लॅपटॉपवर मला वंशवेल उघडायची नव्हती. नाक्यावरच्या हवालदाराने चादरीत काय आहे विचारलं. मी म्हटलं, माझं अख्खं कुळ आहे. त्याने नमस्कार करून रिक्षा सोडली.

हॉल भरला होता. पडद्यावर मूळ पुरुष दिसले तेव्हा टाळ्या झाल्या. तळेवाले खापरपणजोबा आले, वाघवाले आले, पुरणपोळीवाले आले. भाऊकाका प्रत्येकाचं विशेष उभं राहून, घसा साफ करून वाचत होते. कमलेशच्या साडेपाच ओळींना त्यांना मध्ये पाणी प्यावं लागलं. मी माझ्या नावाकडे वळणारच नव्हतो. आधी भाऊकाकांनी जाहीर करावं, मग रेघेच्या जागी सावकाश लिहिलं जावं, असा माझा बेत होता. पण कमलेश मागून म्हणाला, “विन्याचं पान दाखवा की. बघू दे सगळ्यांना.”

त्याला रेघ दाखवायची होती. मी माउस घट्ट धरून ठेवला, पण भाऊकाकांनी दाब म्हटल्यावर काय करणार. दाबलं. जन्म आला, शिक्षण आलं, व्यवसाय आला, पत्नी योगिनी आली. मी डोळे मिटून घेतले. तळे खोदणाऱ्यांचं वाचलं होतं त्याच आवाजात भाऊकाका वाचू लागले.

“विशेष. पत्नीच्या सांगण्यावरून घरी खिडक्यांना नेट फ्रेम बसवली. डास येत नाहीत. वाराही येतो.”

मी डोळे उघडले. रेघ नव्हती. योगिनी बायकांच्या रांगेत पर्समधली पिन शोधत होती आणि तिचं आमच्याकडे मुळीच लक्ष नव्हतं, निदान तसं ती दाखवत होती. आधी एक आत्या हसली, मग सगळा हॉल हसला, आणि मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. बायकांच्या बाजूने जास्त होत्या. भाऊकाकांनी डोळे पुसले. आता इथे संगणकीकरणाचं लिहू या, असं त्यांनी सुचवलं तर बायकांनी एकमुखाने सांगितलं की, काही बदलायचं नाही, हेच राहू दे. मीही म्हणालो, हेच राहू दे. मला फार बरं वाटत होतं.

जेवणाच्या रांगेत कमलेश माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. इकडेतिकडे बघितलं, पानातली कोशिंबीर उगाच सारखी केली, आणि मग खाली मान घालून म्हणाला की, माजिवड्यालाही डास फार झालेत आणि बायको सकाळपासून गप्प होती ती आता बोलायला लागली आहे. तर तुझ्या त्या फ्रेमवाल्याचा नंबर दे.

मी दौलतचा नंबर दिला. तो घाईत असतो, घरात यायला त्याला वेळ नसतो, तेव्हा फोनवरच काय ते नीट सांगून टाक, असंही सांगितलं.

“विंडो किती म्हणून विचारेल,” मी म्हणालो. “तुझी इलेव्हन आहे ना? मग इलेव्हनच सांग.”